खाटेवरची पाटी

खाट टेम्पोत अर्धी चढली होती, तेवढ्यात कोंडाजीने पायथ्याच्या फळीवरची पाटी वाचली आणि हात काढून घेतले. पलीकडून उचलणारा त्याचा मुलगा दीपक वजनाने वाकला.

"खाली उतरव रे," कोंडाजी म्हणाला. "ही नको."

आजाऱ्यांना खाटा, वॉकर वापरायला देणाऱ्या क्लबचे अध्यक्ष मुरारीशेठ बॅनरची एक दोरी गोदामाच्या गजाला बांधत होते. दुसरी हातातच राहिली. "का हो? काय झालं?"

"कैलासवासी लिवलाय."

"स्मरणार्थ आहे ते. क्लबच्या प्रत्येक वस्तूवर पाटी असते. वॉकर घ्या, व्हीलचेअर घ्या..."

"आतल्या अंगाला? निजणाऱ्याच्या तोंडासमोर?"

"मग! ज्याला उपयोग होतो त्याला दिसायला नको?" पाटीची जागा मुरारीशेठनीच सुचवली होती. गेल्या सभेत त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

"माझी बायको प्रयाग वाचते, शेठ. वाण्याच्या पुडीचा कागदबी वाचल्याबिगर टाकत नाय. आता दिवसभर उताणी पडून गेलेल्याचं नाव वाचीत ऱ्हाईल ती. आनि वर वाडीत गाडी जात नाय. चौघांच्या खांद्यावर न्यायची खाट, त्यावर ही पाटी. लोक इचारतील, कोनाला आनली?"

"बाबा, आयच्या पाठीला जखमा झाल्यात," दीपक म्हणाला. एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तो तसाच आला होता. "खुबा मोडल्यापासून जमिनीवर हाय ती. कूस बदलाय जमत नाय. दुसरी खाट नाय इथं, मी विचारलंय."

दुसरी नव्हतीच. निशिगंधा गोदामाच्या दारात कुलूप हातात धरून उभी होती. रविवारी गोदाम उघडायचं काम तिच्या वडलांचं, अण्णांचं. आता ते तिच्याकडे आलं होतं. कोणी सोपवलं नव्हतं. किल्ली घरात होती म्हणून आलं. तिला कुठेतरी बसावंसं वाटत होतं, आणि बसायला तिथे फक्त व्हीलचेअरी होत्या.

"मुरारीकाका, पाटी काढून टाकू."

"स्क्रू नाहीत गं, रिव्हेट मारलेत. पक्कं काम." मग त्यांच्या ध्यानात आलं. "आणि तू काढणार? महिपतरावांची? अगं, तुझ्या वडलांचं नाव आहे ते."

"हो," निशिगंधा म्हणाली आणि टेम्पोवाल्याकडे पत्रा उचकटायला लोखंडी टॉमी मागितली.

पहिला रिव्हेट निघेना. दीपक पुढे झाला, तिने मानेनेच नको म्हटलं. पत्रा पातळ होता. 'महिपत' आणि 'सकपाळ' यांच्या मधोमध तो वाकला आणि मग एकेक कोपरा सुटत गेला. फळीवर चार भोकं राहिली. पाटी तिने पालथी करून पर्समध्ये घातली. ती मावली नाही, एक कोपरा बाहेर राहिला.

कोंडाजी बघत होता. "बाय गो, एक खरं सांग. हिच्यावर आधी कोन व्हतं?"

मुरारीशेठ पुन्हा बॅनरच्या दोरीत गुंतले.

हा प्रश्न येतोच, असं अण्णा म्हणायचे. परत आलेली खाट ते स्वतः फिनेलने धुवायचे, उन्हात ठेवायचे आणि नेणाऱ्याने विचारायच्या आत सांगून टाकायचे, हिच्यावरचा माणूस चालत गेला. "सगळेच कसे हो चालत गेले?" तिने एकदा जेवताना विचारलं होतं. "खाट बोलते का?" म्हणून त्यांनी ताक मागितलं होतं.

"एक गृहस्थ होते," निशिगंधा म्हणाली. "चालत गेले."

"बरे हून?"

"हो."

कोंडाजीने खाटेखाली हात घातला.

खाट चढली. मुरारीशेठनी बॅनरसमोर सगळ्यांना उभं करून फोटो काढला. कोणी हसलं नाही आणि त्यांनीही हसा म्हटलं नाही. दीपकने खाटेचं हँडल धरून पाहिलं. "हे कसं फिरवायचं, ताई?"

"उजवीकडे. पण पुरतं वर नेऊ नका, मान पुढे पडते. पहाटे थोडं खाली घ्यायचं, तेव्हा कंबर जास्त ठणकते. आणि हळू फिरवा. कुरकुरतं ते. झोप मोडली की मग दिवसभर रागाव..." ती थांबली. "म्हणजे, रागावतात माणसं."

दीपक हँडल बघत होता. कोंडाजी तिच्याकडे बघत होता. मग त्याची नजर पर्समधून डोकावणाऱ्या पत्र्याच्या कोपऱ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

आता हा उतरवायला सांगेल, निशिगंधाला वाटलं. सांगितलं तर खाट पुन्हा आत लावायची, कुलूप घालायचं, घरी जायचं. तिच्या अंगात यातलं काहीच करण्याचं बळ नव्हतं.

कोंडाजी टेम्पोत चढला. डोक्याचं फडकं सोडून त्याने फळीवर उडालेला पत्र्याचा कीस पुसून घेतला. फडकं बाहेर झटकलं.

"प्रयाग इचारल," तो म्हणाला. "खाट टेकायच्या आधी हेच इचारल."

निशिगंधाने पर्स काखेत घट्ट धरली.

"सांगन तिला. मानूस चालत गेला म्हून."

टेम्पो निघाला. कोंडाजी पायथ्याच्या फळीला पाठ लावून बसला, भोकं झाकून.