पुन्हा मधूनच

“आता मधून,” हार्लन गरजला, आणि चेंडू मधूनच गेला.

टिलमन गावच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा धावपटू चेंडू पोटाशी कवटाळून जेमतेम पुढे सरकला आणि पाहुण्या संघाच्या देहांखाली दिसेनासा झाला.

“बघितलंस?” हार्लन शेजारच्या ओटिसला म्हणाला. “तो उजवीकडचा धिप्पाड पोरगा मागच्या पायावर रेलला, की मधून. ताठ उभा राहिला, की डावीकडून. सबंध मोसम हेच चाललंय. बोकडसुद्धा भिंतीला दोनदा टक्कर देतो आणि तिसऱ्यांदा बाजूने जातो.”

“बोकडाला सासरा नसतो,” ओटिस म्हणाला.

ओटिस निवृत्त न्हावी होता. गावातील बहुतेक मस्तके एकेकाळी त्याच्या हातांखालून गेली होती, त्यामुळे कोणालाही काहीही बोलण्याचा अधिकार त्याला आपसूक प्राप्त झाला होता. संघाचा प्रशिक्षक ग्रेडी हा हार्लनचा जावई होता.

नोव्हेंबरची ती शनिवारची दुपार होती. मैदानाचे दिवे नादुरुस्त झाल्यापासून शुक्रवारचे सामने दुसऱ्या दिवशी दुपारी होऊ लागले होते. प्रेक्षकांसाठी मैदानाच्या एकाच अंगाला फळ्यांची चढती बैठक होती, आणि तीही आता जवळजवळ ओस पडलेली असे. पराभव पाहण्यासाठी थंडीत कुडकुडण्याची निष्ठा फार थोड्यांपाशी उरली होती.

आपल्या संघाचा बाक ग्रेडीने याच मोसमात पलीकडच्या कडेला नेला होता. तिथे खेळाडूंच्या डोळ्यांवर ऊन येई. अलीकडची सावलीची जागा, हार्लनच्या अगदी पायाशी, पाहुण्यांना मिळाली होती.

“माझ्या तोंडापासून पळाला तो,” हार्लन म्हणाला. “आणि मला मात्र या मिलफोर्डवाल्यांच्या पाठी बघत बसावं लागतंय.”

“अख्खा परगणा पळेल. गुरांच्या बाजारात लिलाव पुकारलेला गळा तुझा. नदीपलीकडच्या गाई अजून बिचकतात.”

“मग त्याला ऐकू जायला हवं ना? लांब फेक म्हणतोय मी, लांब फेक. तो कडेचा सडपातळ मुलगा हरणासारखा पळतो, पण चेंडू काही त्याच्याकडे जात नाही. आता डावीकडून!”

चेंडू डावीकडून गेला. पाहुण्यांची मुले तिथे आधीच उभी होती.

“जे मला कळतं ते त्यांना कळणार नाही का?” हार्लनने कपाळाला हात लावला. “हे आक्रमण नाही, ओटिस. ही जाहीर दवंडी आहे.”

“परगावी तर जिंकतात की अधूनमधून.”

“परगावी समोर शेंबडी पोरं असतात. या गुडघ्यांनी मला तिकडे जाता येत नाही, आणि मी न पाहिलेला सामना मी धरत नाही.”

मध्यंतरात त्याची मुलगी डेलिया फळ्या चढून वर आली. तिने कॉफीचा पेला वडिलांच्या हाती दिला.

“सोमवारी शाळेच्या मंडळाची बैठक आहे, बाबा. आज हरलो तर ग्रेडीला काढणार. तोंडावर सांगितलंय.”

“मग इथेच दुसरं काहीतरी बघेल की तो.”

“इथे काय आहे? त्याच्या भावाचं ॲरिझोनात गालिच्यांचं दुकान आहे. मुलींच्या शाळेचंही विचारून ठेवलंय तिकडे.”

हार्लनने पेल्यातील कॉफीकडे पाहिले. पत्नी गेल्यापासून दर रविवारी डेलिया, ग्रेडी आणि दोघी नाती त्याच्या घरी जेवायला येत. ग्रेडी मान खाली घालून मांस कापी आणि हार्लन त्याला खेळातील चुका सांगे. आठवड्याचे उरलेले दिवस त्या घरात फक्त शीतकपाटाचा आवाज असे.

“मी त्याला सांगतच होतो,” तो अखेर म्हणाला.

“हो, बाबा,” डेलिया म्हणाली, आणि खाली उतरली.

उत्तरार्ध पूर्वार्धासारखाच गेला. मधून, डावीकडून, पुन्हा मधून. हार्लनचे एकही भाकीत चुकले नाही, आणि प्रत्येक खऱ्या ठरलेल्या भाकितासरशी त्याचा चेहरा अधिकच काळवंडत गेला. तरीही टिलमनच्या बचावफळीने प्राण पणाला लावून झुंज दिली होती. अखेरचे मिनिट उरले तेव्हा संघ अवघ्या चार गुणांनी मागे होता, आणि चेंडू त्याच्याच हाती होता.

तेव्हा हार्लनला ते दिसले. धिप्पाड मुलगा रेललाही नव्हता आणि ताठही नव्हता. कडेच्या सडपातळ मुलाने आपली जागा हळूच आणखी बाहेर सरकवली. चेंडू फेकणाऱ्याने दोन्ही तळवे विजारीला पुसले.

हार्लन गुडघे विसरून फळीवर उभा राहिला.

“फेकतोय! उजवीकडे, लांब! अरे, ऐकलं रे पोरानं शेवटी!”

फेक सुंदर होती. सडपातळ मुलगा खरोखरच हरणासारखा धावला. परंतु चेंडू हातातून सुटण्यापूर्वीच मिलफोर्डचा एक बचावपटू मध्यभाग सोडून उजव्या कडेकडे निघाला होता. चेंडू अलगद त्याच्याच ओंजळीत उतरला, आणि सामना तिथेच हातचा गेला.

ओटिसने घोंगडीची घडी घातली. “सोमवारी मी येतो तुझ्याकडे,” एवढेच म्हणून तो गेला.

हार्लन बसून राहिला. पलीकडे डेलियाने ग्रेडीच्या खांद्यावर हात ठेवला होता. दोघेही जमिनीकडे पाहत होते.

चेंडू पकडणारा तो बचावपटू, चिखलाने माखलेला, शिरस्त्राण काखेत धरून कठड्यापाशी आला. त्याने हात वर केला. वृद्ध माणसाचा मान राखणारे मूल कोणत्याही गावचे असो, हार्लनला ते आवडे. त्याने वाकून हस्तांदोलन केले.

“छान पकडलास, बाळा. पण तू आधीच निघालास. कसं कळलं तुला?”

मुलाला वाटले, म्हातारा थट्टा करतोय. तो मोकळेपणाने हसला.

“काय आजोबा. सरांनी आठवडाभर दुसरं काय शिकवलं? म्हणाले, टिलमनला गेलात की चेंडूकडे नंतर बघा, आधी वरच्या आजोबांचं ऐका.”