अकरावी नळी

धोंडीबाने चिमुरड्या शालूच्या दंडावर स्पिरिट चोळलं आणि सवयीने फुंकर घालून ते सुकवलं. सुई उचलली तेवढ्यात दवाखान्याचा कंपाउंडर रतन कोपरीच्या बांधावरून सायकल हाकत येताना दिसला. त्याच्या खिशातून लिफाफ्याचं टोक वर आलं होतं. धोंडीबाने सुई परत ताटलीत ठेवली. नऊ दिवस तो याच लिफाफ्याची वाट बघत होता, आणि नऊ दिवसांत त्याला धड जेवण गेलं नव्हतं.

मिठागरावरच्या या वस्तीला दोन वर्षं दवाखान्यातर्फे तोच लस टोचत आला होता. घटसर्पाची लस आली तेव्हा कोणी दंड पुढे करीना. धोंडीबा पडला साताऱ्याकडचा, हट्टी. त्याने सगळ्यांसमोर पहिली सुई स्वतःच्या दंडात मारून घेतली. मग पोरं रांगेला लागली. पुढे त्यांच्या घशांत कापसाची काडी फिरवून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवली, तर जंतू औषधालाही सापडेना. धोंडीबाची छाती चांगलीच फुगली.

आणि गेल्या महिन्यात काळुरामचा दीड वर्षाचा मुलगा गेला. त्याची एकच सुई झाली होती, दुसरी बाकी होती. घशात पांढरा पडदा धरला आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. सुईनेच मारलं, अशी कुजबूज सुरू झाली. ते धोंडीबाला सहन होईना. पोरांचे घसे स्वच्छ, मग जंतू आला कुठून? कोणीतरी धडधाकट माणूस तो घशात बाळगून हिंडत असणार. आणि वस्तीतल्या प्रत्येक तान्ह्यावर मंत्र पुटपुटून फुंकर घालणारी एकच होती, शालूची आजी आवडाबाई.

घसा तपासून मुंबईहून निकाल येईपर्यंत तिने पोरांजवळ यायचं नाही, असा त्याने हुकूम सोडला.

"माजे फुकरीन विख हाय त मी दूर बसतंय," आवडाबाई म्हणाली होती. "पोरा जगली पायजेत."

तेव्हापासून म्हातारी गटारापलीकडच्या दगडावर बसून असायची. भाकरही तिला तिथेच नेऊन ठेवत. शालू हाका मारायची. म्हातारी पदराने तोंड झाकून नुसती मान हलवायची. कोणाला पाझर फुटला नाही. काळुरामने तर सांगूनच टाकलं होतं, "तिचे घशान निंगाला ना, त वस्तीन ठेवाची नाय."

पोरांना हात लावणाऱ्या दहा माणसांच्या घशांत धोंडीबाने काड्या फिरवल्या होत्या. दहा नळ्या, दहा आकडे. दहावी आवडाबाईची. पाठवताना त्याच्या मनात आलं, मुंबईचे साहेब खरंच बघतात की डोळे झाकून शिक्के मारतात? म्हणून त्याने कोणाला न सांगता अकरावी नळी घातली. हमखास निरोगी घशाची. त्यात जंतू दाखवला, की साहेबांचं पितळ उघडं.

लिफाफा आला म्हणताच वस्ती गोळा झाली. रतनने कागद उलगडून मोठ्याने वाचायला घेतला. एक ते नऊ, काही नाही. धोंडीबा जागच्या जागी पाय बदलत होता.

"दहा. काही नाही."

आवडाबाई दगडावरून अर्धी उठली, पण कोणी ये म्हणालं नाही, म्हणून पुन्हा बसली.

"अकरा," रतन अडखळला. "जंतू आहे. भरपूर आहे." खाली डॉक्टरांनी चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही त्याने वाचल्या. लस जंतूचं विष अडवते, जंतूला घशातून हाकलत नाही. मुलांना टोचल्यापासून वस्तीतले जंतू कमी झाले हे खरं. पण उरलेल्यांनी बिऱ्हाड बदललेलं दिसतं. टोचलेल्या मोठ्या माणसाला त्यांचा काडीचा त्रास होत नाही, त्याचा त्याला पत्ताही लागत नाही. अकरा नंबरला लहान मुलांपासून ताबडतोब दूर ठेवावं.

"आमी त धाच व्हतो," काळुराम पुढे झाला. "ह्यो अकरावा कोन?"

रतनने यादी खालवर पाहिली. अकरासमोर नाव नव्हतं.

काळुरामच्या मुलाचा इवलासा दंड धोंडीबाच्या डोळ्यांपुढून हलेना. शालूच्या दंडावर स्पिरिटचा वास अजून होता. तो तिच्यापासून चार पावलं मागे सरकला. डोक्यावरची टोपी काढून त्याने तोंडावर धरली.

"रतन, सुई तू दे," तो टोपीआडून म्हणाला.

मग गटार ओलांडून तो पलीकडे गेला.

"आवडाबाई, उठा. नातीला जवळ घ्या. या दगडावर आता मी बसतो."