तिसरा फोटो

बाळ नऊ दिवसांचं होतं. हृदयाला भोक आहे का, ते सीटी स्कॅनमध्ये बघायचं होतं. त्याला मशीनवर झोपवून मी बाहेर आले आणि सवयीने माइकवर म्हटलं, "हात काढा." आईबापांचा हात हमखास बाळावर राहतो. पण आत बाळाशिवाय कुणीच नव्हतं. आई काचेच्या अलीकडे, माझ्या शेजारीच बसली होती.

पडद्यावर भोक दिसलं. त्याच्या खाली, बाळाच्या छातीच्या आत, मोठ्या माणसाच्या बोटांची हाडं पसरली होती.

मशीनचंच काहीतरी बिघडलं असेल म्हणून मी पुन्हा स्कॅन केला. बोटं आता वर वळली होती.

मी आईकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

"ताई, माझ्या मोठ्या मुलीच्या वेळीही असंच झालं," ती म्हणाली. तिचे अश्रू केव्हाच आटले असावेत. "तिसऱ्या फोटोत मूठ मिटली. तिसरा काढू नका, पाया पडते तुमच्या."

मी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात फोन वाजला. वरच्या मजल्यावर डॉक्टर तेच फोटो बघत होते.

"बाळ हललंय, नीट काहीच दिसत नाहीये. अजून एकदा काढा."

मी नको म्हणायच्या आतच, बटणाला कुणी हातही न लावता, काचेपलीकडे मशीन फिरू लागलं.