परतीची डबी

घरगुती बॅटरी-सेलसाठी पुन्हा पुन्हा वापरता येईल अशी डबी तयार करायला रेणूने दीड वर्ष घातलं होतं. गिऱ्हाइकाने नवे सेल या डबीतून घरी न्यायचे आणि संपलेले त्याच डबीत घालून दुकानात परत द्यायचे. सेलची कंपनी जुने सेल काढून घेणार आणि तीच डबी पुन्हा भरणार.

एका सकाळी हुडको वसाहतीतल्या घरी तिची आई, मथुराबाई, बीपीचं मशीन हातात धरून बसली होती. बीपी मोजल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

"कालच नवे सेल टाकले वं, अन् आज चालूच नाही होऊन राहिलं," आई म्हणाली.

रेणू ते सेल डबीत घालून, आईने ते जिथून आणले होते त्या कॅम्प-१ वस्तीतल्या तेजरामकाकांच्या दुकानात गेली. काका आतल्या बाजूला बसून, लोकांनी परत केलेल्या सेलांवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसत होते. पुसलेले सेल डब्यांत भरून ते नव्या मालाशेजारी रचत होते.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

काका दचकलेसुद्धा नाहीत. डबी कोणी बनवली, हे त्यांना ठाऊक नव्हतं.



"पह्यले पाकीट फाटलं का खेल खतम होत होता, बेटा; आता डब्बी पाहून सेल जुना का नवा, कोणाले समजत नाही. ज्यानं ही डब्बी बनवली ना, त्याच्या पाया पडलं पाह्यजे."