काठोकाठ कप

साराजेवोच्या वेढ्याचा दुसरा हिवाळा. मुनेवेराबाईंकडे शेगडीत घालायला एकच पुस्तक उरलं होतं: समाजाची घडी विस्कटली की माणसं जनावरं होतात, हे सांगणारी कादंबरी. तीस वर्षं त्यांनीच शिकवलेली. नळ कधीचे कोरडे. परवा लांबून भरून आणलेला पाण्याचा कॅन दिसेना, तेव्हा शेजारच्या रुझाला जिन्यात गाठून म्हणाल्या, “माझ्या पाण्यावर डोळा होता तुझा.” “चाळीस वर्षं माझ्या हातची कॉफी प्यायलीस, आता झडतीही घे,” म्हणत रुझाने दार लावलं. आज कॅन पलंगाखाली सापडला. चोरांच्या धाकाने त्यांनीच लपवलेला. बाईंनी कादंबरी जाळून, भाजलेल्या मसुराची कॉफी उकळली, कप रुझाच्या उंबऱ्यावर ठेवला. “चुकलं माझं, रुझा.” दार उघडलं नाही, तशा बाई परतल्या. दुपारी कप बाईंच्या दाराशी. जिन्यात कुणीच नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परतवायचं नाही, ही इथली रीत. कप पाण्याने काठोकाठ भरला होता.