जावयाचं अंदाजपत्रक

सासरेबुवांना घरावर मजला चढवायचा होता आणि काम घरच्याच माणसाला द्यायचं होतं, अर्थात दर पाहून. कंत्राटदार जावयाला मात्र हे काम नकोच होतं. कारण सासरे म्हणजे खुर्ची टाकून गवंड्याच्या मानगुटीवर बसणारे, ओळंबा लावून उभी भिंत पाडायला लावणारे. पण नाही म्हणावं, तर बायको महिनाभर तोंड फुगवून बसणार.

मग त्याने अंदाजपत्रकाचं सॉफ्टवेअर उघडलं. विटा-सिमेंटचे भाव चढवले, मजुरी सरळ दुप्पट केली. आकडा पाहून म्हातारा स्वतःच दुसरा माणूस शोधेल, असा हिशेब.

बायको मागून डोकावली. "अहो, माझे वडील आहेत ते."

"म्हणून तर दुप्पट केली. एरवी तिप्पट केली असती."

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला, आवाजात नुसता साखरेचा पाक. "जावईबापू, इथल्या झाडून सगळ्या कंत्राटदारांकडून दर मागवले होते. सगळ्यांत स्वस्त तुम्हीच निघालात. सोमवारी माणसं पाठवा."


त्या सगळ्यांनी सासऱ्यांकडे आधी एकेकदा काम केलेलं होतं.