खंडेनवमीची दुरुस्ती

दामोदरच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी श्रावणात त्याच्या वडिलांना, नानांना, अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. त्याआधी उन्हाळाभर ते पैठणीच्या जुन्या काठांची वीण तोंडी सांगत होते आणि दामोदर ती संगणकात भरत होता. ती वीण दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

खंडेनवमीला दामोदरने हातमागासोबत संगणकही पूजला. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली.

"अहो, सुरक्षेची दुरुस्ती आलीये म्हणतंय. बटण दाबू?" त्याच्या बायकोने, कुसुमने विचारलं.

"आज हत्याराला हात लावायचा नाही."

"अगंबाई! तुमचं हत्यार आपणहून बोलतंय, त्याला कोण गप्प करणार?"

खाटेवरचे नाना ओठांच्या एका कडेने हसले. लेकाने रीत पाळली, याचं त्यांना समाधान होतं.

दसऱ्याला सकाळी दामोदरने रेशीमवाल्याचं संकेतस्थळ उघडलं. त्यात कुणीतरी चोरटी स्क्रिप्ट दडवली होती. संगणकाच्या मूळ प्रणालीत एक भोक राहिलं होतं; त्यातून ती मेमरीत नको तिथे घुसली आणि तिने यंत्राचा ताबा घेतला. काल न केलेली दुरुस्ती तेच भोक बुजवायला आली होती. दुपारपर्यंत भरून ठेवलेल्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं, एकही काठ उघडेना. नाशिकहून आलेला जाणकार म्हणाला, "दादा, आता काही हाती लागायचं नाही."

दामोदर खाटेपाशी बसला. "नाना, एकदाच. नुसत्या बोटाने दाखवा."

नानांनी चादरीवर बोट टेकवलं. ते थरथरत एकाच जागी फिरत राहिलं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे नाना गेले.